लाल रेघ नसलेला निकाल

नवरा वकिलीच्या शेवटच्या परीक्षेला बसला तेव्हाच सासूबाईंनी मला उघड सांगितलं होतं, "त्यो वकील झाला की तू करमाळ्याला म्हायेरी जायचं. चौथी शिकलेली बायकू वकिलाला शोभत न्हाय." अकलूजची एक मॅट्रिक झालेली मुलगी त्यांनी हेरून ठेवली होती. नवरा समोरच होता. त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही. आमच्या जातीत काडीमोड चालायचा. पंच जमले की झालं.

निकाल आला तेव्हा तो माळशिरसला बहिणीकडे गेला होता. आमच्या गल्लीतच राहणाऱ्या कॉलेजच्या शिपायानं मार्कांचा कागद घरी आणून दिला.

"बघ की, लाल रेघ हाय का कुटं?" सासूबाई म्हणाल्या.

शाळेत नापास विषयाखाली लाल रेघ मारत, एवढंच आम्हा दोघींना माहीत. कागदावर रेघ नव्हती. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी पेढे वाटले आणि मला पेटी भरायला लावली. मी भरली.

संध्याकाळी शेजारचे कोर्टातले कारकून पेढा खायला आले. त्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून सावकाश पाहिला.

"आक्का, पेपर सगळे सुटलेत. पण वकिलीला तेवढ्यावर भागत न्हाय. समद्या मार्कांची बेरीज निम्म्यापर्यंत जावी लागती. ती कमी पडली. नापास हाय पोरगं."

"लाल रेघ न्हाय की."

"हितं रेघ मारत न्हाईत. ज्या पेपरात निम्मे मार्क हायत, ते माफ. बाकीचे परत द्यायचे." उरलेला पेढा तोंडात टाकून ते गेले.

सासूबाईंनी माझी पेटी पायानं उलटी केली. "हिनं बघितला कागद. हिचीच नजर लागली." मी पदर तोंडावर घेतला. मला हसू आवरत नव्हतं. "नवऱ्यासाठी रडती बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या.

नवरा परत आला, जेवला नाही. "तुझं तोंड बघून अभ्यास व्हायचा तरी कसा?" एवढंच बोलला.

त्या घरात मी आता त्याच्या उरलेल्या पेपरांपुरती होते. त्याला चहा करून दिला, परीक्षेला डबा नेऊन दिला. पेपर सोपा गेला म्हणाला की मी पेटीकडे बघायचे.

पुढच्या खेपेला कागद आला तो सरळ कारकुनांकडे नेला. त्यांनी बेरजेवर बोट ठेवलं. "पास."

सासूबाईंनी एक पेढा माझ्याही हातावर ठेवला. "खा. तुझंबी तोंड गोड हू दे."

फारकतीचा कागद नवऱ्यानं स्वतःच लिहिला. करमाळ्यात पंचांसमोर तो वाचूनही दाखवला: मी माझ्या खुशीनं नांदणं सोडत आहे. एक पंच म्हणाले, "वकिलाचं लिवणं लई झाक हाय."

माझ्या वडलांनी त्याला आजवर जावईबापूच म्हटलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "वकीलसायेब, पोरीनं अंगठा कुटं लावायचा?"

"अंगठा कशाला?" नवऱ्यानं पेन माझ्यापुढे धरलं. "चौथी झालीय ती. सही करील."