चार नंबरचा मेंढा आणि माझी दुपारची झोप

"मावशी, हे वजन परत करा," ऋतुजा म्हणाली.

मी थैली काट्यावरून काढली, काटा शून्यावर आणला, थैली परत ठेवली. तेवढंच भरलं.

"परत."

"पोरी, दहा वेळा ठेवली तरी शेण वाढत नाही अन् घटत नाही. काय झालं ते सांग."

तिनं वही माझ्यापुढे सरकवली. चार नंबरच्या मेंढ्याची लेंडी तिसऱ्या दिवसापासून वाढत चालली होती. पाचव्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या दीडपट झाली. चारा मात्र त्यानं त्यांच्याएवढाच खाल्ला होता. तेवढंच खाऊन जास्त टाकणारं जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी नागपूरच्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात पशुपोषण विभागाची परिचर होते. कामठीहून ऑटोनं यायचं, चारा तोलायचा, शेण तोलायचं, परत जायचं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुरतं. आता मी रिटायर आहे. लोक विचारतात, तिथं काय करत होता? मी सांगते, मेंढ्यानं खाल्लेलं किती अंगी लागलं ते मोजत होते. लोक हसतात. हसू द्या.

काम असं असतं. मेंढा लोखंडी पिंजऱ्यात उभा करायचा. मागे पट्ट्यानं कापडी थैली बांधायची, म्हणजे एक लेंडीही खाली पडत नाही. सकाळी आधी कालचं उष्टं तोलायचं, मग नवा चारा तोलून द्यायचा, मग थैली तोलायची. थोडी लेंडी ओव्हनमध्ये वाळवायची, कारण ओल्या वजनात पाणी असतं आणि पाण्याचं वजन फसवं. चाराही तसाच वाळवून बघायचा. खाल्लेल्यातून पडलेलं वजा करा. उरलं ते पचलं. याला तिथं ट्रायल म्हणतात. सात दिवसांची मोजणी असते, पण त्याआधी मेंढ्याला त्या चाऱ्याची सवय लावायला तीन आठवडे जातात.

ऋतुजा ही पीएच.डी.ची मुलगी. आमच्याकडे ज्वारी आता फार कोणी पेरत नाही, त्यामुळे कडबा मिळत नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, मात्र मळणीनंतर ढिगानं पडतं, आणि लोक ते पेटवून देतात. ते जनावराला पचतं का, किती पचतं, हा तिचा प्रश्न. तीन मेंढे कडब्यावर, तीन कुटारावर. चार नंबर कुटारवाला होता.

म्हणजे त्याची लेंडी खरी धरली तर कुटार पचत नाही असं निघत होतं. त्याला वगळलं तर कुटारावर दोनच मेंढे उरत होते. दोघांवरून कोणी निकाल देत नाही. पोरीचं सगळं वर्ष त्या एका थैलीत अडकलं होतं.

विभागाचे सर आले. त्यांनी वही चाळली. आकडे मी मराठीत लिहायची, ऋतुजा ते इंग्रजीत उतरवायची.

"कौसल्याबाई, तुमचा चार हिला आठ वाटला नसेल ना?"

"सर, थैली काट्यावर आहे. वही बाजूला ठेवा अन् काटा पाहा."

त्यांनी पाहिला. मग प्रमाणित वजनं आणून काटा तपासला. काटा बरोबर होता.

"मग एखाद्या दिवशी दुसऱ्याची थैली याच्या नावावर चढली असेल," सर म्हणाले.

सुदाम दारात उभा होता. तो गोठ्यातला माणूस, बैलांकडे असायचा. "काय वं कौसल्याबाई," तो म्हणाला, "तोलता तोलता डोळा लागून राहिला काय तुले?"

"तुह्या बैलाले विचार गा. त्याले सगळं दिसते."

मी उलट बोलले खरी, पण सुदामचं म्हणणं अर्धं खरं होतं. डोळा लागत होता. तोलताना नाही, दुपारी.

त्या शेडमधली दुपार मी कोणाला सांगितलेली नाही. आता सांगते. बाहेर मे महिना. डांबर चपलेला चिकटायचं. आत सहा मेंढे चारा संपवून रवंथाला लागायचे. रवंथ म्हणजे गिळलेलं परत तोंडात आणून सावकाश चावायचं. घास गळ्यातून वर येताना दिसतो. मग जबडा एका बाजूला जातो, परत येतो, जातो, परत येतो. डोळे अर्धे मिटलेले. सहा जबडे एका लयीत यायचे, मग लय सुटायची, मग परत जमायची. दारांना ओली पोती टांगलेली, त्यामुळे उजेड हिरवट, तळ्याच्या तळाशी असतो तसा. कूलरचं पाणी ताट्यांवरून टिपटिप पडायचं. ताट्या वाळ्याच्या होत्या, त्याचा गार वास. मी बाकावर बसायची. मेंढे जागे आहेत की झोपेत हे त्यांना माहीत नसायचं, आणि मलाही माझं माहीत नसायचं.

त्या आठवड्यात मला रोज एकच स्वप्न पडलं. कन्हान नदीचा काठ. पाणी स्थिर. कोणी बाई माझ्याकडे पाठ करून गवत उपटते आहे. सर्र. थांबते. परत सर्र. मुळासकट उपटते, कारण मुळं तुटल्याचा आवाज येतो. मी म्हणते, काय वं, काय उपटून राहिली? ती वळत नाही. मला राग येत नाही, भीती वाटत नाही. फार बरं वाटतं. मग जाग येते आणि समोर सहा मेंढे.

स्वप्नावर माझा विश्वास नाही. पोटात गॅस झाला की स्वप्न पडतं, एवढं मला कळतं. म्हणून मी ते सोडून दिलं.

सहाव्या दिवशी वजन आणखी वाढलं. ऋतुजानं त्या दिवशी डबा उघडला नाही. मी तिला रागावले.

"जेव. तुह्या उपाशी राहण्यानं मेंढ्याचं पोट नाही भरत."

"मावशी, सर म्हणाले चार नंबर काढून टाक, नाहीतर ट्रायल रद्द कर. मी काय करू?"

"माह्या वजनावर भरोसा आहे का तुले?"

ती लगेच म्हणाली, "आहे."

एवढं मला बस होतं.

दुपारी ती मला लॅबमध्ये घेऊन गेली. आदल्या दिवशीच्या लेंड्या वाळल्या होत्या, त्या काढायच्या होत्या. लॅबमध्ये एसी असतो, तिथं कूलर नाही. तिनं ओव्हनचं दार उघडलं. गरम हवा तोंडावर आली. आणि वाळ्याचा वास आला.

मी उभीच राहिले. एवढ्या कोरड्या, साबणाचा वास असलेल्या खोलीत वाळा कुठून? मी एकेक ताटली नाकाशी धरली. एक, दोन, तीन. नुसती लेंडी. चार नंबर धरली. नदीकाठ.

"ऋतुजा, वास घे."

"मावशी, हे शेण आहे."

"मले माहीत आहे. वास घे."

तिनं घेतला. माझ्याकडे पाहिलं. एक लेंडी चिमट्यानं फोडली. आत बारीक, तांबूस तंतू होते, केसांसारखे.

आम्ही शेडमध्ये गेलो. कूलर चाकांवरचा होता. सरांनी तो मेंढ्यांसाठी मागवला होता, उन्हानं त्यांचं खाणं कमी होऊ नये म्हणून. त्याचं तोंड पिंजऱ्यांकडे असायला हवं. ते माझ्या बाकाकडे होतं. मीच फिरवलं होतं, मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. फिरवल्यावर त्याची पाठ चार नंबरच्या पिंजऱ्याला लागली. सकाळी कूलर बंद असायचा आणि पाठ अंधाऱ्या भिंतीच्या बाजूला, म्हणून कोणी बघितली नाही. वारा गरम यायला लागला तेव्हा मी फक्त टाकीत पाणी वाढवलं होतं.

मागची ताटी हातभर खाल्लेली होती. आमच्यासमोरच मेंढ्यानं मान पिंजऱ्याबाहेर काढली, जाळीतून वाळ्याची चार मुळं दातात धरली आणि ओढली.

सर्र.

ती बाई नदीकाठावर नव्हती.

ऋतुजा म्हणाली, "कूलर असा कोणी ठेवला?"

"मी."

"सरांना सांगू नका. आपण म्हणू, झाडताना सरकला."

"झाडणारी कोण आहे? मीच आहे."

मी स्वतः सरांच्या खोलीत गेले. सांगितलं, वजनं सगळी बरोबर आहेत, चूक माझी आहे, मी झोपायला कूलर फिरवला. सरांनी वही उघडून माझे आकडे परत पाहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "पण खाल्लेला वाळा पचत नाही हे कशावरून?"

शिकलेल्या माणसाला वास पुरत नाही. त्याला पुरावा लागतो. तो सुदामच्या बैलानं दिला. त्या बैलाच्या डाव्या कुशीला ऑपरेशन करून रबरी झाकणाची खिडकी बसवलेली होती. झाकण काढलं की हात थेट पोटात जातो. बैलाला काही दुखत नाही, तो चारा खात उभा राहतो. आत ऊबदार, ओलं आणि हळूहळू हलणारं असतं. पोट आपला हात चाचपून पाहतं असं वाटतं. आम्ही नायलॉनच्या बारीक जाळीच्या एका पिशवीत वाळा भरला, एका पिशवीत कुटार, दोऱ्यानं बांधून आत सोडलं. दोन दिवसांनी काढलं, धुतलं, वाळवलं, तोललं. कुटार बरंचसं गेलं होतं. वाळा घातला तेवढाच जवळपास परत आला.

"आपल्या घरी साळा असाच आहे," सुदाम म्हणाला. "खाते सगळं, अंगी काही लागत नाही."

सरांनी निकाल दिला. आधीची मोजणी रद्द. मेंढ्याच्या पोटातला वाळा निघून जायला दहा दिवस, मग सहाही मेंढ्यांची सात दिवस परत मोजणी. कुटार त्याच ढिगातलं हवं होतं. पोती झटकून झटकून ते जेमतेम पुरलं.

कूलरचं तोंड पिंजऱ्यांकडे झालं आणि खाली खडूनं चौकोन आखला. माझ्या बाकावर उन्हाळा आला. मी सात दुपारी उघड्या डोळ्यांनी काढल्या. मेंढे तसेच, जबडे तसेच, उजेड तसाच हिरवा. झोप यायची, मी उठून उभी राहायची. ती नदी परत दिसली नाही. ट्रायलचे सात दिवस आणि ती नदी कायमची गमावून बसले, असं एखादा म्हणेल. मी म्हणत नाही. पण पाणी फार स्थिर होतं.

चार नंबर शेजाऱ्यांच्या बरोबरीला आला. कुटार पचतं. कडब्याएवढं नाही, पण पेटवून देण्यासारखं नक्कीच नाही.

पुढच्या वर्षी ऋतुजा जाड पुस्तक घेऊन कामठीला घरी आली. तिचा प्रबंध. सगळा इंग्रजीत. आभाराच्या पानावर तिनं माझं नाव दाखवलं.

"अन् वाळ्याचं कुठं लिहिलं?"

तिनं मधलं एक पान काढलं आणि मराठीत करून वाचलं. "एका प्राण्याला ठरवलेल्या आहाराव्यतिरिक्त अन्य पदार्थ उपलब्ध झाल्याने पहिली मोजणी रद्द करण्यात आली."

"उपलब्ध झाला? आपोआप?"

"मावशी, प्रबंधात असंच लिहितात."

"मग माहं नाव तिकडून काढ अन् इथं टाक. तिथं मी काही केलं नाही. इथं केलं आहे."

ती हसली. मी हसले नव्हते. पुस्तक छापून झालं होतं, त्यामुळे नाव आहे तिथंच राहिलं. म्हणून इथं लिहून ठेवते. कूलर मी फिरवला.