मौनाच्या तासात ऐकलेलं वाक्य

करणी, दृष्ट, ग्रहदशा... आमच्या घरात यातलं काहीच कधी चाललं नाही. आई ज्योतिषाला दारातूनच परत पाठवायची आणि मी तिच्याच वळणाची. तरीही लिहितेय, कारण हे घडलं तेव्हा लख्ख दुपार होती आणि मी पूर्ण जागी होते.

मी आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत राहते, मुसफ्फातल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. माझी मैत्रीण नीता दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. अकरा वर्षांची मैत्री. तीन हिवाळे आम्ही दोघी एका छोट्या बेटावर बायकांसाठी दोन दिवसांची शिबिरं घेत होतो. (बेटाचं नाव मुद्दाम देत नाही.) लाँचने पाऊण तास, खजुराची झाडं, कोळ्यांची वीसेक घरं. उम्म खालिद नावाच्या आजी त्यांचं जुनं घर आम्हाला द्यायच्या. सकाळी ओंकार, मग छोट्या जात्यावर ओव्या, दुपारी तासभर मौन. ओव्या नीता शिकवायची, बुकिंग वगैरे माझ्याकडे.

त्या शनिवारी आठ जणी आल्या होत्या. झावळ्यांच्या मांडवाखाली सगळ्या गोल करून, डोळे मिटून बसलेल्या. वेळ बघायची म्हणून माझेच तेवढे उघडे. नीता माझ्या बरोब्बर समोर. माझ्या पाठीमागे वाळू आणि समुद्र, दुसरं काही नाही.

आणि माझ्या उजव्या कानामागून नीताचा आवाज आला...

"माधवीला एवढ्यात सांगू नका. पुढचं शिबिर आपण तिच्याशिवाय करू."

माधवी म्हणजे मीच. मी समोर बघत होते. नीताचे ओठ मिटलेले. चेहरा शांत. मागे वळले, कोणी नाही.

भास म्हणून सोडून दिलं असतं. पण मौन सुटल्यावर उम्म खालिद गाहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम बोला, एक घंटा कोई बात नहीं करेगा. फिर तुम्हारा सहेली क्यूँ बोला?"



नीताला मी काही विचारलं नाही. हीच माझी चूक. घरी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, यू वेअर जस्ट डीहायड्रेटेड." पण ते वाक्य डोक्यातून जाईना. नीता हसली तरी मला वाटे, ही काहीतरी लपवतेय. तिचे फोन टाळायला लागले. शेवटी पुढच्या शिबिराचं बुकिंग मी एकटीच्या नावावर करून टाकलं. तिला कळवलंही नाही.

दोन महिन्यांनी, आमच्या शिबिरांना नेहमी येणाऱ्या सुलभाताईंकडून चुकून एक व्हॉइस नोट माझ्याकडे आली. नीताचा आवाज. "माधवीला एवढ्यात सांगू नका. पुढचं शिबिर आपण तिच्याशिवाय करू." शब्दन् शब्द तोच!

मी तडक दुबई गाठली. दार उघडताच मोबाईल तिच्यासमोर धरला.

"अकरा वर्षं, नीता... अकरा वर्षं!"

"हो, बोलले," ती म्हणाली. "पण कधी, ते बघ. परवा. तू माझं नाव काढून टाकलंस हे कळल्यावर."

"खोटं. बेटावरच तुझं ठरलं होतं. मी ऐकलंय."

"काय ऐकलंस?"

मी सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तेव्हा माझ्या मनातसुद्धा नव्हतं गं. म्हणजे मी न बोललेल्या वाक्यासाठी तू मला तोडलंस?"

रडायला येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नव्हतं. चपला घातल्या आणि निघाले.

ते शिबिर झालंच नाही. तिचंही नाही, माझंही नाही.

गेल्या महिन्यात राहवेना म्हणून उम्म खालिदना फोन केला. विचारलं, त्या दिवशी नक्की काय ऐकलं होतं तुम्ही?

"सहेली का आवाज. तुम्हारे पीछे से," त्या म्हणाल्या. "उसको भी यही बताया."

"किसको?"

"तुम्हारा सहेली को. पिछले जुम्मे को अकेला आया था. यही पूछा. फिर उधर मांडव में बैठा, बहुत रोया, खलास, चला गया."

तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. नीतालाही नसावं. तिने मला फोन केलेला नाही... मीही तिला केलेला नाही.