पालथं झोपायची इच्छा

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत मी खो-खो खेळायचे. सातवीपर्यंत. आठवीच्या वर्षात माझी छाती इतक्या झपाट्याने वाढली की दिवाळीत शिवलेला युनिफॉर्म होळीला बसेना. पळताना दुखायचं, आणि भिंतीवर बसलेली मुलं खेळाकडे बघत नसायची. मी बाईंना पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि पुन्हा मैदानात उतरलेच नाही.

आईचीही ठेवण तशीच. ती केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होती आणि खांद्यावर पदर घट्ट लपेटून, थोडी वाकून चालायची. त्या वाकण्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. मीही हळूहळू तशीच चालू लागले.

पुढे शिकायला विद्यापीठाजवळ मुनिरक्यात खोली घेतली. जूनच्या उन्हात सगळ्या मुली पातळ टी-शर्टात वावरायच्या आणि मी ओढणी सोडत नसे. छातीखाली घामोळं उठून कातडी सोलवटायची. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्या होत्या. बोट फिरवलं की लागायच्या. मैत्रिणी मस्करीत म्हणायच्या, यार, आम्हाला थोडं दे. मी हसायचे. मला फक्त एकदा पालथं झोपून पुस्तक वाचायचं होतं, लहानपणी वाचायचे तसं.

लग्नानंतर फरीदाबादला आलो. ऑफिसात संगणकासमोर बसून मान इतकी दुखायला लागली की हाताला मुंग्या येत. हाडांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. केलं. चेहरा उतरला, कंबर बारीक झाली, छाती जवळजवळ तेवढीच राहिली. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईच सरळ म्हणाल्या की छाती लहान करण्याचं ऑपरेशन असतं, एकदा प्लास्टिक सर्जनशी बोलून तर बघा.

नवऱ्याने तुला हवं ते कर म्हटलं. आईला सांगायला मात्र मला बरेच दिवस लागले. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, कधी जायचंय, मी येते.

सर्जन माझ्याच वयाची बाई होती. तिने कागदावर चित्रं काढून एकेक पर्याय समजावला. नुसती चरबी ओढून काढली तर व्रण अगदी लहान राहतात, पण आकार थोडाच कमी होतो आणि ओघळलेली छाती वर येत नाही. दुसऱ्या पद्धतीत स्तनाग्राभोवती गोल छेद आणि तिथून खाली एक सरळ रेघ. तिसरीत त्याखाली आणखी एक आडवी रेघ, खूप कमी करायचं असेल तर ही. माझ्यासाठी तिसरीच योग्य, असं तिचं मत पडलं. व्रण फिकट होतील पण जाणार नाहीत, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, हेही तिने लपवलं नाही. आणि काहीच न करता नीट मापाची ब्रा आणि व्यायाम यांवर भागवणं हाही पर्याय आहेच, म्हणाली.

मग तिने मुलांबद्दल विचारलं. अजून नाही, पण हवंय, मी म्हणाले. तेव्हा ती म्हणाली की ऑपरेशननंतर काहींना पूर्ण दूध येतं, काहींना थोडं, काहींना नाही. आधी सांगता येत नाही. शक्य असेल तर मूल झाल्यावर करा. दुखणं सहन होत नसेल तर आत्ता.

मी चित्रांकडे बघत बसले. तेवढ्यात शेजारून आईचा आवाज आला.

"डॉक्टर, मेरी उमर में होता है क्या?"

मी वळून पाहिलं. आई डॉक्टरकडेच बघत होती, पदर दोन्ही हातांत धरून. नुसत्या वयाची अडचण नाही, डॉक्टरने तिच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करून सांगितलं, पण तुमची शुगर आधी ताब्यात यायला हवी.

परतताना मेट्रोत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कॉलेजात असताना मी पोहायचे. तुला कधी सांगितलं नाही ना?"

मी ऑपरेशन करून घेतलं. वाट बघणं मला जमलं नाही. काही आठवडे उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपावं लागलं, टाके ओढले जायचे, कूस बदलता यायची नाही. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरने परवानगी दिली, तेव्हा भर दुपारी मी चादरीवर पालथी पडले. आई कॉटच्या कडेला बसली होती.

"कसं वाटतंय? नीट सांग," ती म्हणाली.

मी सांगत गेले. मानेवरचं ओझं उतरल्यासारखं, श्वास पाठीपर्यंत जातोय असं. ती ऐकत राहिली आणि मी थांबले की आणखी विचारू लागली. तिची शुगर कधी पुरेशी खाली आली नाही. नंतर बाबांचं आजारपण निघालं आणि तिने तो विषय सोडून दिला.

पुढे मला मुलगी झाली. दूध आलं, पण तिचं पोट भरेना. ती ओढून ओढून थकायची, रडायची, मग आई बाटली तयार करून आणायची. मी आता रोज सकाळी सेक्टरच्या पार्कात पळते. तरी एखाद्या बाकावर कुणी पदराखाली बाळाला पाजताना दिसलं की माझा वेग आपोआप कमी होतो.