उत्तर न सांगणाऱ्या मॅडम

वर्गात प्रश्न विचारला की मॅडम बाटलीचं झाकण उघडत, पाण्याचा एक मोठा घोट घेत आणि तो गिळत नसत. गाल किंचित फुगवून, हाताची घडी घालून फळ्याशेजारी उभ्या राहत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, बाईंची दाढ दुखतेय. आमच्याकडे नव्याने लागलेल्या शिपायाने तर एकदा मला हळूच विचारलं होतं, "मॅडमना लवंग आणून देऊ काय?"

मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तोंड मोकळं राहिलं की त्यातून उत्तर बाहेर पडतं. इतक्या वर्षांची सवय. कोंडायला काहीतरी हवं ना?"

प्रश्नानंतरची शांतता सहन न होणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. ते प्रश्न विचारतात, वर्गावर एक नजर फिरवतात आणि लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मॅडम मूळच्या त्यांच्यातल्याच. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातल्या सर्वांत चांगल्या.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. मी नोकरीला लागले तेव्हाच त्यांच्या नोट्सचा दबदबा होता. झेरॉक्सच्या दुकानात फक्त "मॅडमच्या द्या" म्हटलं की पुरे. त्या नोट्स सावर्ड्यापर्यंत पोचल्या होत्या. मॅडमचा तास म्हणजे एकही वाक्य कमी-जास्त नाही, कुठे थांबायचं तेही ठरलेलं. मुलं खाली माना घालून लिहायची. मार्क भरपूर पडायचे. कोणाचीच तक्रार नव्हती.

मग एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. मॅडमच्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा त्यांच्यासमोर बसला. परीक्षकांनी विचारलं, "डोंगरावर भात शिजायला वेळ का लागतो?" मुलाने उत्कलनबिंदूची व्याख्या सांगितली. अगदी अचूक. परीक्षक म्हणाले, "ते झालं. पण भाताचं काय?" मुलाने पुन्हा व्याख्या सांगितली. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम शेजारीच बसल्या होत्या. संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. मारुती मंदिराच्या चौकात त्या थांबून म्हणाल्या, "माझंच वाक्य गो ते. मी जिथे श्वास घेते ना, तिथेच त्याने श्वास घेतला. मला वाटत होतं, मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवत्ये."

निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली बाई अशा वेळी काय करते? फार तर चार दिवस हळहळते आणि पुन्हा नोट्स काढते. मॅडमनी नोट्सची फाइल कपाटात ठेवली आणि शिकायला बसल्या. समस्या देऊन कसं शिकवायचं, याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी शोधून काढला. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवून त्या व्याख्यानं ऐकायच्या. एका बोटाने टाइप करायच्या. संगणकावर करून बघायचे प्रयोग, मोफत व्हिडिओ, मोफत पुस्तकं असं जे सापडेल ते उघडून बघायच्या, आणि आवडलं की मुलांसाठी त्याबरोबर मराठीत चार ओळी लिहून ठेवायच्या. म्हणायच्या, "मुलांना भौतिकशास्त्र अवघड जात नाही गो. इंग्रजी आडवं येतं."

बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान आमच्याकडे तक्रार करत, "घरात प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. आमटी आज आंबट कशी झाली, विचारलं तर म्हणते, तुम्हांला काय वाटतं?"

हे सगळं वर्गात आलं तेव्हा मात्र मुलं बिथरली. मॅडम गट करून बसवतात, प्रश्न देतात आणि गाल फुगवून उभ्या राहतात. नोट्स नाहीत. महिन्याभरात पालक प्राचार्यांकडे आले. त्यांचं म्हणणं साधंच होतं: "मॅडम हल्ली शिकवत नाहीत."

प्राचार्य सरळ माणूस. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेले होते.

"मॅडम, तुमच्याबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले, "पण परीक्षा जवळ आली. निकाल खाली आला तर मी काय सांगू? तुम्ही आपल्या नोट्स परत सुरू करा."

"करीन सर. आधी तुम्ही एक तास माझ्या वर्गात बसा. बसून उठलात आणि तरी हेच म्हणालात, तर उद्यापासून नोट्स."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मॅडम, तो तास फसला तर?"

"फसला तर फसला," त्या म्हणाल्या. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

त्या तासाला मीही मागे जाऊन बसले. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: मिरकरवाड्याच्या बंदरातून मासा कोल्हापूरला न्यायचा आहे. बर्फाची लादी तशीच ठेवायची की फोडून घालायची? का?

आणि घोट घेऊन उभ्या राहिल्या.

वर्ग गप्प. प्राचार्य मागे बसलेत म्हटल्यावर मुलांचे श्वाससुद्धा ऐकू येईनात. मी माझ्या नखांकडे बघत होते. प्राचार्य चुळबुळले, एका मुलाकडे बघून "अरे, काहीतरी..." असं म्हणू लागले, तर मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. प्राचार्यांना! वर्गात कोणीतरी खुदकन हसलं.

त्या हसण्याने कोंडी फुटली. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "लादीच. फोडलेला बर्फ लवकर वितळतो."

मिरकरवाड्यातली एक मुलगी मागून ताडकन उठली. "लादी ठेवून मासा राहील होय? लादीला चिकटलेला राहील, बाकीचा कुसून जाईल! फोडूनच घालतात."

"घालतात, पण का?" संगमेश्वराकडची एक मुलगी म्हणाली.

"का म्हणजे? घालतात."

"ते उत्तर नाही झालं."

मग जे सुरू झालं तो तास नव्हता, लिलाव होता. एकाने क्षेत्रफळ काढलं. दुसऱ्याने कोल्हापूर किती लांब, घाटात गाडी किती रेंगाळते ते मोबाइलवर बघितलं. कोणी म्हणालं, आधी गार करणं वेगळं आणि गार ठेवणं वेगळं. हे वाक्य ऐकताच मॅडमचे डोळे चमकले, पण तोंड बंदच. आणि मग प्राचार्य उभे राहिले. ते अर्थशास्त्राचे. म्हणाले, "पण फोडायला मजुरी लागते, तिचं काय?" दहा-बारा मुलं एकदम त्यांच्यावर तुटून पडली.

घंटा झाली. प्राचार्य मॅडमजवळ आले. "मग बरोबर काय?"

मॅडमनी घोट गिळला. "उद्या बघू ना, सर. मुलांचं अजून ठरलं नाही."

"पण तुम्हांला तर माहीत आहे!"

"आहे. सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी जिन्यात प्राचार्यांनी त्यांना गाठून पुन्हा विचारलं, असं शिपाई सांगत होता. नोट्सचा विषय त्यांनी परत काढला नाही. पुढे निकाल लागला, तो खाली आला नव्हता. पालकही मग आले नाहीत.

पुढच्या वर्षी विद्यापीठाने जिल्ह्यातल्या कॉलेजांमधल्या शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा प्राचार्यांनी मॅडमचंच नाव कळवलं. मॅडमनी मला मदतीला घेतलं.

शिक्षकांना शिकवण्याइतकं अवघड काम नाही, हे तुम्ही शिक्षक असाल तर तुम्हांला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी सगळे मागच्या रांगा पकडून बसले. चहा कधी, हजेरीचं प्रमाणपत्र कधी, एवढीच चौकशी. त्यात आतल्या भागातल्या एका कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक होते. ते उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुमचं भौतिकशास्त्र. तुमच्याकडे बर्फ आहे. इतिहासात आम्ही काय फोडायचं?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "मला माहीत नाही, सर. इतिहास मला येत नाही. तुम्ही सांगा."

ते खाली बसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या रांगेत होते. मॅडमनी विचारायच्या आत उठले.

"आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला. माझे आजोबा गेले, वडील गेले. मी वर्गात गिरण्या शिकवतो, संप शिकवतो. पण आमच्या गावातला पहिला माणूस मुंबईला का गेला, हे मी मुलांना कधी विचारलं नाही. मलाही माहीत नाही." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "हा प्रश्न होईल का?"

मॅडमनी खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशीचं सत्र त्या प्राध्यापकांनी घेतलं. कोणी नेटवर जुनी गॅझेटियर शोधली, कोणी जुने नकाशे. गुहागरच्या एका बाईंनी सरळ आपल्या सासऱ्यांना फोन लावला. चहा आला तेव्हा कोणी उठलं नाही.

नेटवर काय घ्यावं आणि काय नाही, हेही मॅडम त्यांच्या पद्धतीने शिकवायच्या. "बांगडा घेताना कल्ला उचलून बघता ना? मग इथेही बघा. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कशावरून लिहिलंय. वरून सगळंच चकचकीत असतं." ज्यांच्या गावात रेंज नव्हती त्यांना त्या आदल्या दिवशीच सगळं मोबाइलमध्ये उतरवून घ्यायला लावायच्या. "नेट नाही" हे कारण त्यांच्यापुढे फार टिकलं नाही.

नंतर किती सत्रं झाली, किती कॉलेजांत आम्ही एसटीने गेलो, ते मी मोजलं नाही. पण आज जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात गेले आणि एखाद्या वर्गातून भांडल्यासारखा आवाज आला, की मी खिडकीशी थांबते. बहुतेक वेळा आतला शिक्षक आमच्या सत्रातला निघतो. मान आपोआप ताठ होते. आमच्या मॅडम, असं मी मनात म्हणते. 'आमच्या' हा शब्द जरा जोरात.

त्या निवृत्त झाल्या आणि गुहागरला माहेरच्या घराशेजारी राहायला गेल्या. प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आलं. मॅडमशिवाय माझं पहिलं सत्र सावर्ड्याला होतं. मी त्यांना फोन केला, काय सांगू, कसं सुरू करू, असं बरंच विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. मला थोडं वाईटच वाटलं.

सत्राच्या सकाळी दारातून बघते तो मॅडम. एसटीने आल्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी. मला नमस्कारही न करता सरळ मागच्या कोपऱ्यातल्या गटात, दोन तरुण प्राध्यापकांशेजारी बसल्या. त्या कोण, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मी प्रश्न दिला: एकाच डोंगरउतारावर दोन हापूसच्या बागा, खत एक, माती एक. एकीला मोहोर आला, शेजारच्या बागेला नाही. का?

गट कामाला लागले. तेवढ्यात एकाने हात वर करून मला मोहोराबद्दल असं काही विचारलं की मला खरोखरच उत्तर येत नव्हतं. माझी नजर आपोआप मागच्या कोपऱ्याकडे गेली.

मॅडमची पाठ माझ्याकडे होती. कोपऱ्यात सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता. "अहो, पण वारा कुठून येतो ते आधी बघा की!" त्या टेबलावर बोट आपटत होत्या. शेजारचा तरुण प्राध्यापक ठामपणे म्हणाला, "नाही मॅडम, तुमचं चुकतंय." आणि मॅडम खुर्ची त्याच्याकडे ओढून, दोन्ही कोपरं टेबलावर रोवून म्हणाल्या, "कसं? दाखवा बघू."

मी प्रश्न विचारणाऱ्याला म्हटलं, "मला माहीत नाही. चला, शोधू या."

मॅडमना ते ऐकूही गेलं नाही.