आठ दिवस त्याच्या आयडीईत

चिखलीत आम्ही दोघे मित्र मिळून भुईकाट्यांची सॉफ्टवेअरं बनवायचो. ट्रक काट्यावर चढला की वजन कॉम्प्युटरमध्ये यायचं आणि पावती छापली जायची. बीबी, साखरखेर्डा, उंद्री, जिथे काटा तिथे आम्ही. गिऱ्हाइकाशी भाव मी ठरवायचो. माझ्या तोंडामुळे गिऱ्हाईक रुसलं की समजूत काढायला तो जायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी प्रोग्राम एका साध्या एडिटरमध्ये लिहायचो. त्यात आपल्याला हवी ती कमांड आपणच लिहून जोडता येते. एका फाटक्या मॅन्युअलवरून स्वतः शिकलो होतो आणि नऊ वर्षांत इतक्या कमांडा जोडल्या होत्या की दोन बटणं दाबली की पावतीचा अख्खा कोड समोर. माझ्या मशीनवर दुसऱ्या कुणाला साधी फाइल बंद करता येत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता. तो आयडीईवाला. लिहिणं, चालवणं, चूक शोधणं, सगळं एकाच खिडकीत, आयतं.

"लाइट जाऊन आली की तुही आयडीई उघडेपर्यंत माहा चहा पिऊन होते," मी म्हणायचो.

"अन् तू गावाले गेला की धंदाच बंद होते, त्याचं काय? तुह्या मशीनवर बसाले तुहाच हात तोडून आणा लागते बे."

मग ऐन हंगामात मी एका लग्नाला गेलो आणि बीबीचा काटा बंद पडला. फाइल माझ्या मशीनवर. तो दिवसभर तिच्यापुढे बसून राहिला, तिकडे ट्रकची रांग. मी परत आल्यावर तो म्हणाला, "आता दोघाईचं एकच काहीतरी ठरव."

मी सौदा केला. त्यानं माझ्या एडिटरमध्ये काम करायचं, मी त्याच्या आयडीईत, मग ठरवायचं.

"पंधरा दिवस," तो म्हणाला.

"आठ. एक तास जास्त नाई."

"बरं, आठ. पण इमानदारीनं."

"माहा शब्द हाये बे."

तो खरंच बसला. माझ्या कमांडा कागदावर लिहून त्यानं मॉनिटरला चिकटवल्या. "अबे, हे बंद कसं करू?" असं दहादा विचारायचा, मी हसायचो. मी मात्र दोनच दिवस टिकलो. एक शब्द लिहिला की पुढचे दहा शब्द आयडीईच सुचवायची, डोकं फिरायचं. तिसऱ्या दिवसापासून मी सकाळी घरच्या मशीनवर माझ्या एडिटरमध्ये लिहायचो, फ्लॉपीवर आणून ऑफिसात टाकायचो आणि दिवसभर आयडीई उघडी ठेवून बसायचो.

सहाव्या दिवशी उंद्रीला न्यायची फाइल घ्यायला तो माझ्या जागेवर बसला. माझा एडिटर फाइल सेव्ह करताना जुनी प्रत बाजूला ठेवतो आणि तिच्या नावाला शेवटी एक वाकडी रेघ लावतो. मी अख्खं फोल्डर उचलून आणलं होतं. रेघाच रेघा, आणि तारखा याच आठवड्याच्या.

ओरडलो मीच. "माहं फोल्डर काऊन पाहून राह्यला?"

"आठच दिवस होते ना. तेही तूच कमी केले."

"काम झालं ना? मंग?"

"मी कामाचं नाई बोलून राह्यलो."

त्यानं पिशवी उचलली आणि गेला. उद्या येईल असं वाटलं. आला नाही. पुढे मेहकरला त्यानं ऑफिस टाकलं. आमचं एकही गिऱ्हाईक नेलं नाही. नेलं असतं तर भांडायला तरी जाता आलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या आणि संध्याकाळी चहाला सोबत गेलो असतो. इतक्या वर्षांच्या सोबतीत मला तेवढाही हक्क नव्हता का? हा राग अजून गेलेला नाही.

उरलेले दोन दिवस मी आयडीईत इमानदारीनं काम केलं. कुणाला दाखवायला, माहीत नाही. साखरखेर्ड्याच्या काट्यावर कधीकधी रिकाम्या ट्रकचं वजन भरलेल्या ट्रकच्या जागी छापलं जायचं. ती चूक आम्ही दोघे कित्येक महिने शोधत होतो. आयडीई प्रोग्राम एकेका ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते दाखवते. अर्ध्या तासात चूक सापडली.

"अबे, हे पाह्य," म्हणत मी खुर्ची वळवली. समोरची खुर्ची रिकामी होती.

चूक दुरुस्त करून साखरखेर्ड्याला फोन लावला. काटेवाला खूश झाला. म्हणाला, "भाऊले द्या ना फोन, त्याहीलेच सांगतो."

"बाहेर गेलेत," मी म्हणालो. अजूनही कुणी विचारलं तर हेच सांगतो.