उकिरड्यावरची पुरणपोळी

कापडे गावातील माझे एक शेजारी आपल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरण्यापूर्वी दाराशी हलकेच खाकरतात आणि आत कुजबुजल्यासारखे बोलतात. उन्हाने धापा टाकणारा ब्रॉयलर नुसता दचकला तरी मरतो, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या मे महिन्यात पक्षी खाद्याला तोंड लावीनात. तेव्हा त्यांनी टाकाऊ भाजीपाल्यावर वाढवलेल्या माशीच्या अळ्या वाळवून खाद्यात मिसळल्या. पक्षी उठून खाऊ लागले. गिऱ्हाईक मात्र बिचकले. ती खेप विकली गेली नसती, तर शेड बंदच करावी लागली असती.

मुंबईहून आलेला पुतण्या दारातूनच मोठ्याने म्हणाला, "काका, किडे खाल्लेली कोंबडी कोण खानार? आपल्याला गावठी पायजे!"

"हळू बोल रे, दचकतील," ते पुटपुटले. "तुझी गावठी उकिरड्यावर किडेच टिपते ना? का तिला तिथं पुरणपोळी वाढलेली हाय?"

पुतण्या ओशाळला आणि दोन कोंबड्या घेऊन गेला. पुरणपोळीचे ते वाक्य गावभर झाले आणि आठवड्याभरात त्या एका वाक्यावर सारी खेप खपली.

शेवटचा टेम्पो निघाला, तेव्हा रिकाम्या शेडच्या मधोमध उभे राहून ते खदखदून हसले. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा खरा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.