विमान गेल्यावर उरलेला सूर

पक्षाघातानं पपांची वाचा गेली त्या आठवड्यात मी देवापुढे मागण्या ठेवल्या. प्रार्थना नव्हे, मागण्याच. इस्पितळाच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात एक पत्रकच तयार केलं. पपांचं बोलणं तात्काळ परत मिळालं पाहिजे. निदान माझं नाव तरी त्यांना घेता आलं पाहिजे. हे का घडलं याचा खुलासा झाला पाहिजे. शेवटी सवयीनं ‘अन्यथा’ हा शब्द आला आणि मी अडखळले. देवाला अन्यथा काय सांगणार? मोर्चा कुणाच्या दारात नेणार?

मला दुसरी भाषा येतच नव्हती. वाकोल्याच्या एका गल्लीतल्या छापखान्यात पपांचं आयुष्य गेलं. आई गेल्यावर शाळा सुटली की मी तिथंच बसायची. वर दोरीवर ओली पत्रकं वाळत घातलेली असत, आणि मान वर करून मी वाचायला शिकले. पाण्यासाठी हंडा मोर्चा, कामगारांची सभा, झोपड्या वाचवा, आणि त्यांच्याच शेजारी आमच्या चर्चच्या सणाचं आमंत्रण. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा ‘नम्र विनंती’ हे शब्द दिसले की माझं डोकं फिरायचं. मी ते खोडून ‘मागणी’ लिहायची. पपा मान हलवत छापायचे. एकदा म्हणाले, “बाय, म्युन्सिपाल्टीकडे माग, भांडून माग, मी तुझ्यासोबत येतो. पण सगळेच काय म्युन्सिपाल्टी नसतात गं.” मी हसले होते. मला ते म्हाताऱ्या माणसाचं भाबडेपण वाटलं.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. मराठी आमच्या घरातली भाषा आणि प्रार्थनेतलीही. गावठाणाच्या तोंडाशी आमचा जुना दगडी क्रूस आहे. त्याच्यावर कोरलेल्या येशूच्या दुःखसहनाच्या खुणांपैकी शिडी अजून दिसते, कोंबडा मात्र हातांच्या स्पर्शानं जवळजवळ पुसला गेलाय. मे महिन्यात रोज संध्याकाळी एकेका घरानं तिथं लादीन म्हणायची अशी रीत आहे. एकानं पवित्र मरियेची नावं एकामागून एक घ्यायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला तेच उत्तर द्यायचं, ‘आमच्यासाठी विनंती कर.’ ही नावं घेणारा माणूस वर्षानुवर्षं म्हणजे पपा. सुराच्या बाबतीत ते फार कडक होते. शेवटचा ‘कर’ कुणी जरा ताणला की डोळे वटारायचे. आणि आमच्याकडे आणखी एक रीत आहे, बाहेरच्यांना तिचं हसू येतं. विमानतळ जवळ असल्यानं विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खाली येतात की काही ऐकूच येत नाही. म्हणून विमान आलं की सगळ्यांनी थांबायचं. तोंड अर्धं उघडं, बोटं माळेच्या मण्यावर तशीच. आवाज विरला की जिथं सोडलं तिथून पुढे. लहान असताना मला वाटायचं, त्या थांबण्याच्या वेळात देव विमानातल्या लोकांकडे बघतो आणि मग पुन्हा आमच्याकडे वळतो.

मोठी झाल्यावर मी त्या क्रूसासमोरून फक्त घाईनं जायला लागले. श्रद्धेशी माझं भांडण झालं असं नव्हतं. तिची गरज उरली नव्हती, एवढंच. पोट भरल्यासारखं वाटायला चळवळ होती, सभेतल्या टाळ्या होत्या, मी लिहिलेलं हजार फोनांवरून फिरून पुन्हा माझ्याकडे येत होतं. त्यातलं काम खरं होतं. अजूनही खरं आहे. पण टाळ्या थांबल्यावर आत जी पोकळी घुमायची, तिला मी थकवा म्हणायची. पपा आजारी पडले आणि ते नाव पुरेनासं झालं.

ते दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. पपा घरी आले. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. त्यांना सगळं कळायचं. माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, आणि ‘प… प…’ एवढंच बाहेर यायचं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलेले उच्चार मी त्यांना आरशासमोर बसवून करून घ्यायची. माझं नाव तोडून तोडून म्हणून दाखवायची. तेही डोळे मिटून प्रयत्न करायचे, आणि मग खिडकीकडे मान वळवायचे. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, माझं नाव ऐकायचं होतं. आई गेल्यापासून जगात मला त्या नावानं हाक मारणारं तेच एक माणूस होतं. बाकीच्यांसाठी मी ताई होते, नाहीतर कॉम्रेड.

अशा वेळी माणूस कुठंही जातं. फोनवर एक जाहिरात सारखी दिसायची. जुहूच्या हॉटेलात शिबिर, आपल्या आतली शक्ती जागवा, अशक्य ते शक्य करा. मी, जी सगळ्या जाहिरातींवर थुंकायची, ती पपांना रिक्षात बसवून तिथं घेऊन गेले. सभागृह थंडगार होतं, दिवे निळे होते, आणि संगीत असं की बसल्या जागी तरंगल्यासारखं व्हावं. मंचावरचा माणूस एकेक वाक्य द्यायचा आणि सगळे ओरडायचे. ‘मी समर्थ आहे!’ ‘माझा देव मीच आहे!’ घोषणा मला कळतात. या चांगल्या रचलेल्या होत्या. मीही ओरडले, आणि क्षणभर खरंच भरल्यासारखं वाटलं.

मग त्या माणसाची नजर पपांवर गेली. त्यानं आम्हाला वर बोलावलं आणि माईक पपांच्या तोंडासमोर धरला. “काका, बोला, मी बोलू शकतो! विश्वास ठेवा स्वतःवर!” सगळं सभागृह टाळ्या वाजवत ओरडू लागलं, “का-का! का-का!” पपांनी तोंड उघडलं. ‘प… प…’ ते मोठ्या कर्ण्यांमधून चारी भिंतींवर आदळलं. “काका, तुमचा विश्वास कमी पडतोय,” तो हसत म्हणाला. पपांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि लोकांना ते आनंदाचं वाटून टाळ्या आणखी वाढल्या. मी त्यांना खाली आणलं. बाहेर समुद्रावर ऊन तिरपं झालं होतं, वाळूत पोरं पतंग उडवत होती. पपांनी डाव्या हातानं माझ्या गालावरचं पाणी पुसलं. मला तेव्हा कळलं की मीही रडत होते. स्वतःलाच देव म्हणवणारा तो देव हॉटेलच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकला नव्हता.

मे महिना आला. आमच्या घराची पाळी जवळ आली तशी शेजारची फिलूमावशी दारात उभी राहिली. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनंच घातलेल्या, त्यामुळे ती मला काहीही बोलू शकते. मी म्हटलं, “मावशी, या वर्षी आमचं घर सोडा ना.”

“का? घर पळून गेलं का कुठं?”

“नावं कोण घेणार? मला येत नाही. आणि खरं सांगू, माझा विश्वासही नाही राहिला तेवढा.”

“पाळी घराची आहे गं, तुझ्या विश्वासाची नाही,” ती म्हणाली. “तू फक्त नावं घे. उत्तर द्यायला आम्ही आहोत ना? एवढी सभा गाजवतेस, आणि चार म्हाताऱ्यांसमोर वाट लागली तुझी?”

मला राग आला. पण ती गेल्यावर ते वाक्य घरभर फिरत राहिलं. उत्तर द्यायला आम्ही आहोत. कुठल्याही पत्रकात मला हे कुणी कधी लिहून दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी क्रूसाला झेंडूचे हार घातले, मेणबत्त्या लावल्या. पपांची खुर्ची पुढे ठेवली. उंच इमारतींच्या काचांवर शेवटचं ऊन अडकलं होतं, चाफ्याचा आणि उकडत्या चण्यांचा वास एकत्र येत होता. मी सुरुवात केली. माझा आवाज, जो माईकशिवाय चौकात पोचतो, तो पातळ होऊन गेला. उत्तरंही विखुरलेली येत होती, कारण सूर धरणारे पपा गप्प होते. त्यांची नजर दगडातल्या त्या पुसट कोंबड्यावर होती.

तेवढ्यात रस्त्यावर एक स्कूटर थांबली. घरपोच जेवण पोचवणाऱ्यांचा असतो तसा रंगीत शर्ट घातलेला एक मध्यमवयीन माणूस उतरला, त्यानं हेल्मेट काढलं, क्रूसाची खूण केली आणि आमच्यात येऊन उभा राहिला. पुढच्या नावाला त्यानं असं खणखणीत उत्तर दिलं की सगळे चमकले. पण सूर आमचा नव्हता. त्यानं शेवटचा ‘कर’ वर नेऊन लांबच लांब ताणला. आवाज मोठा असल्यामुळे हळूहळू सगळे त्याच्यामागे वाहत गेले. फिलूमावशीसुद्धा. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं, की पपांचा सूर आज इथं संपला.

मग विमान आलं. मी थांबले, सगळे थांबले. त्या माणसाला आमची रीत कुठून माहीत? तो डोळे मिटून तेच उत्तर पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. विमानाचं पोट आमच्यावरून सरकलं, मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्या, आणि किती वेळ कोण जाणे, सगळं गावठाण श्वास रोखून उभं असल्यासारखं वाटलं. आवाज विरायला लागला. त्याच्याखालून त्या माणसाचा सूर वर आला. आणि त्याच्या शेजारी आणखी एक. बसका, कापरा, पण अगदी सरळ. शेवटचा ‘कर’ न ताणता जागच्या जागी ठेवणारा.

पपा म्हणत होते. डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर ताल धरून, त्या माणसाकडे डोळे वटारून पपा म्हणत होते, “आमच्यासाठी विनंती कर.” पूर्ण. सगळे शब्द. केव्हापासून म्हणत होते ते कुणालाच ठाऊक नाही. विमानाखाली कुणाला ऐकू येणार?

फिलूमावशीनं तोंडाला पदर लावला. मला पुढचं नाव आठवेना. ती हळूच म्हणाली, “थांबू नको गं, घे पुढचं.” मी घेतलं. पपांनी उत्तर दिलं. मी आणखी एक घेतलं, त्यांनी पुन्हा दिलं. मी मागत काहीच नव्हते. ज्या प्रार्थनेत मागणी कधी सांगितलीच जात नाही, फक्त दुसऱ्याला ‘तू आमच्यासाठी बोल’ म्हटलं जातं, ती मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणत होते. माझ्या हातातून काहीतरी जड निसटलं आणि ते खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

शेवटी चणे वाटले. ते बांधायला कागद म्हणून माझ्याच उरलेल्या पत्रकांचे पुडे केले होते. गरम चण्यांच्या वाफेनं माझे खणखणीत शब्द मऊ पडले होते. तो माणूस पुडा घेऊन ओशाळून म्हणाला, “माफ करा हां, आमच्या वसईकडे असंच म्हणतात.”

“कळलं ते,” फिलूमावशी म्हणाली, “शेवट ताणायची सवय तुमची. पण बाबा, आज ताणलास ते बरं केलंस.”

त्याला काहीच समजलं नाही. कुणाचं तरी जेवण थंड होतंय म्हणत तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. पुन्हा तो दिसला नाही.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की असं होतं, वर्षानुवर्षं गायलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि मी वाद सोडते हे माझ्या ओळखीच्या लोकांना चमत्काराहून मोठं वाटेल. ती जागा आमच्यात कुणी केली आणि त्या संध्याकाळी ती स्कूटर तिथं का थांबली, एवढंच मी मनात ठेवते आणि माझ्या प्रभूचे आभार मानते. मी अजून पत्रकं लिहिते, अजून भांडते. अन्यायापुढे मान तुकवायला त्यानं कधी सांगितलेलं नाही. पण पोट भरायला आता मी टाळ्यांकडे जात नाही.

पपांना अजून बोलता येत नाही. पाणी हवं असलं तरी ‘प… प…’ एवढंच. माझं नाव त्यांनी अजून घेतलेलं नाही, आणि कदाचित घेणारही नाहीत. रोज संध्याकाळी मी त्यांची खुर्ची क्रूसासमोर नेते आणि नावं घेते. ते उत्तर देतात, ‘आमच्यासाठी’ असं म्हणतात, आणि त्या ‘आमच्या’त मी असते. विमान आलं की आम्ही थांबतो. ते माझ्याकडे बघतात. मी थांबून राहते.